उजवी बाजू

झिलबा गावस यांनी लॅपटॉप आणला तो
बाजाराच्या पिशवीत, शेजारी आगळाची बाटली.
“गो सुलक्षा, ह्याचा उजवा स्पीकर मेला.
घुमट वाजतं, शमेळ वाजत नाही.”

नातवाने चवथीला आरती रेकॉर्ड केली होती,
दोन माइक दोन कोपऱ्यांत ठेवून.
डावीकडे घुमटांची रांग, उजवीकडे
एकटा शमेळ.
“आणि शमेळावर कोण, ठाऊक आहे ना? मी.”

डिचोलीच्या बसस्टँडमागे माझं दुकान, सव्वा टेबल रुंद.
लोक आधी निदान सांगतात, मग वस्तू देतात.
मी निदान ऐकून घेते
आणि पहिल्यापासून सुरुवात करते.
आवाज बंद ठेवलेला नाही ना? नाही.
तोल एका बाजूला सरकलाय का? नाही.
ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला.
“ड्रायव्हर?” झिलबा हसले. “बावीस वर्षं मीच ड्रायव्हर.”
खाणीवरच्या डंपरचा, हे सगळ्या गावाला माहीत.

दहा स्क्रू. एकाचं डोकं झिजलेलं,
त्याने एकट्याने अर्धा तास खाल्ला.
झाकण उघडलं तर आत लाल धूळ.
खाण बंद पडून इतकी वर्षं झाली,
ही अजून कुठून येते कोण जाणे.
पंख्याच्या पात्यांवर, जाळीच्या भोकाभोकांत.
ब्रशने काढली, कागदावर चिमूटभर जमली.
उजव्या स्पीकरच्या दोन तारांना
रिमोटमधला सेल टेकवला:
टक्.
मेलेला स्पीकर टक् म्हणत नाही.

“ऐकलंत?”
ते रस्त्याकडे बघत होते. होंड्याची बस लागत होती.

मग हेडफोन. आधी माझ्या कानांना.
डावीकडे घुमट, पोटातून बोलणारं.
उजवीकडे शमेळ, काटक्या मोडाव्यात तसा कडक.
दोघं ठणठणीत.
मग त्यांच्या कानांना.
“घुमटच.”
मी हेडफोन उलटा घातला. का, ते
तेव्हा मलाही नीटसं कळलं नव्हतं.

“आयलो! शमेळ आयलो!”
बोटं काउंटरवर पडू लागली,
चार-पाच आवर्तनं. मग थांबली.
“पूण घुमट खंय गेलें?”

त्यांनीच हेडफोन काढला.
उलटा केला. सुलटा केला. पुन्हा उलटा.
मी स्क्रू मोजत बसले. दहाच होते.

बऱ्याच वेळाने म्हणाले,
“डंपरची खिडकी उजवीकडे.
एसी कुठला तेव्हा, काच खालीच असायची.
पुढे डंपर, मागे डंपर,
आणि दुपारी सुरुंग.”
तक्रार नव्हती त्यात. वाटसरूला
पत्ता सांगावा तसं सांगितलं.

एक सेटिंग असतं, फारसं कोणी वापरत नाही.
मोनो. दोन्ही बाजू एकत्र करून
दोन्ही कानांना सगळंच देतं.
ते चालू केलं. घुमट आणि शमेळ एकाच जागी,
अरुंद खोलीत झोपलेल्या भावांसारखे,
एकमेकांच्या अंगावर पाय टाकून.
ऐकायला वाईटच, खरं सांगायचं तर.
झिलबा आरती संपेपर्यंत ऐकत राहिले.
“मी मधेच पळतो,” म्हणाले.
“इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही.”
सांगितलं असेल, माझ्या मनात आलं. कुठल्या बाजूने कोण जाणे.

पावतीवर ‘दोष’ असा रकाना आहे.
मी लिहिलं: धूळ.
दीडशे रुपये झाले. त्यांनी दोनशे दिले
आणि सुटे मागून घेतले, मोजून.

गेल्या आठवड्यात चार्जर घ्यायला आले.
मी काउंटरची फळी उचलून बाहेर गेले,
त्यांच्या डाव्या अंगाला उभी राहिले,
मग किंमत सांगितली.
ऐकू आली असावी,
कारण लगेच म्हणाले, शंभर कमी कर.